गाडीतला जनरेटर अर्ध्या तासात बंद पडतो? सेट खोलण्याआधी त्याचा डबा तपासा

लक्षणं अशी असतात. सकाळी दोरी मारली की सेट, म्हणजे जनरेटर, पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होतो. आवाज बरोबर असतो, दिवे लख्ख असतात, फ्रीझर चालतो. वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिनाचा आवाज खालीवर व्हायला लागतो, दिवे मंदावतात आणि सेट बंद पडतो. लगेच दोरी मारली तर दाद देत नाही. निवल्यावर पुन्हा चालू होतो, पण या वेळी आधीपेक्षा लवकर थांबतो. डिसेंबरात हीच गाडी रात्रभर चालते आणि एप्रिल-मे आला की तासभरही टिकत नाही.

याच्या जोडीला पुढच्यापैकी काही ना काही दिसतं:

- दार किंवा फाळका उघडा ठेवला की सेट जास्त वेळ चालतो.
- पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवताना फुस्स आवाज येतो.
- डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो, पातळीही वाढलेली दिसते.
- सायलेन्सरसमोरच्या पत्र्याचा रंग करपलेला असतो, जवळची वायर कडक होऊन तडकलेली असते.
- गाडीच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात.
- गाडीत काम करणाऱ्याचं डोकं जड होतं, मळमळतं.

शेवटची दोन लक्षणं दिसली तर पुढचं काहीही तपासू नका. त्यांच्याबद्दल लगेच खाली लिहिलं आहे.

"भाऊ, चालू ते व्हस, पन अर्धा तासमा बंद पडी जास," ही तक्रार घेऊन माझ्याकडे दर उन्हाळ्यात गाड्या येतात. आइस्क्रीमच्या, भरीत-पुरीच्या, रसवंतीच्या, डीजेच्या पिकअप, शेतावर जाऊन वेल्डिंग करणारे छोटे हत्ती. बहुतेकांनी तोवर कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतलेला असतो, प्लग बदललेला असतो. काहींनी तर जुना सेट विकून नवा घेतलेला असतो, आणि तोही त्याच डब्यात बसवल्यावर तसाच बंद पडतो. कारण दोष सेटमध्ये नसतोच. आवाज येऊ नये, चोरी होऊ नये, पाऊस लागू नये म्हणून सेटभोवती पत्र्याचा बंद डबा केलेला असतो आणि त्या डब्यात इंजिनाला श्वास घ्यायला जागा नसते. हे छोटे सेट उघड्यावर चालण्यासाठी बनवलेले असतात, बंद जागेत चालवू नका असं त्यांच्या पुस्तिकेत ठळक लिहिलेलं असतं. तरी काही वेळा कारण खरोखर दहा रुपयांचं निघतं, म्हणून तपासणी सोप्यापासून अवघडाकडे करत जाऊ.

इथलं सगळं मुख्यतः २ ते ५ केव्हीएच्या हवेवर थंड होणाऱ्या पेट्रोल सेटबद्दल आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या डिझेल सेटबद्दल मध्ये थोडं सांगितलं आहे.

ही लक्षणं असतील तर सेट आधी बंद करा

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, विनाकारण गळून गेल्यासारखं वाटणं: गाडीत सेट चालू असताना यातलं काहीही कोणालाही झालं तर ते उन्हाचं आहे असं समजू नका. आपल्याकडे खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे "ऊन लागलं" म्हणून कांदा-पाणी देऊन माणसाला गाडीतच आडवं केलं जातं. खरं कारण कार्बन मोनॉक्साइड असेल तर हीच गोष्ट जिवावर बेतते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं. धुराचा वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं होत नाही. त्याचं वजन जवळपास हवेइतकंच असतं, त्यामुळे तो तळाला बसत नाही, सगळीकडे मिसळतो. वरची एक खिडकी उघडून तो निघून जाईल हा भरवसा धरू नका.

माणसाला मोकळ्या हवेत बाहेर काढा, सेट बंद करा, १०८ ला फोन करा आणि सेट चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवं ठरतं, कारण ते कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही ऑक्सिजनने भरलेलं असल्यासारखंच वाचतं. आकडा ९८ दिसला म्हणून परत गाडीत बसू नका.

लग्नसराईत आणि यात्रांमध्ये मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती गाडीत झोपणाऱ्या पोरांची. अमळनेरची यात्रा असो की सारंगखेड्याची, रात्री उशिरा काम संपतं, फ्रीझरसाठी सेट चालूच ठेवतात आणि मदतीला आलेला पोरगा त्याच टेम्पोत चादर अंथरतो. सेट चालू असलेल्या गाडीत कोणीही झोपायचं नाही, केबिनमध्येही नाही. हा एकच नियम पाळला गेला तर बाकीचा लेख वाचला नाही तरी चालेल.

बॉडीला करंट येत असेल तर सेट बंद करा आणि वायरमन येईपर्यंत पुन्हा लावू नका. त्याची कारणं पुढे आहेत.

बंद पडतो कसा, ते आधी नीट बघा

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मं निदान इथेच होतं.

इंजिन चालू आहे पण वीज गेली, तर तो इंजिनाचा प्रश्नच नाही. सेटवरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडली आहे का बघा. पडली असेल तर लोड जास्त आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. पडली नसेल आणि व्होल्टेज नाही, तर एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गरम होऊन सोडत असेल.

इंजिन हळूहळू घुटमळत, गुरगुरत बंद पडत असेल तर त्याला पेट्रोल किंवा हवा कमी पडते आहे. किल्ली फिरवून बंद केल्यासारखं एकदम थांबत असेल तर ऑइल सेन्सर किंवा इग्निशन कॉइल. पहिली दोन लक्षणं आणि हे तिसरं यांत गल्लत केली की माणूस चुकीच्या दुकानात पैसे घालतो.

टाकीचं झाकण

सेट बंद पडला की लगेच झाकण फिरवा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर सेट चालू झाला, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं आहे. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि पेट्रोलचा ओलावा मिळून ते भोक बुजवतात. काही झाकणांवर चालू-बंदची छोटी कळ असते, प्रवासात ती बंद केलेली असते आणि नंतर उघडायची राहते.

झाकण थंड सेटवर स्वच्छ करा. भोक मोठं करू नका. ते बारीक असण्याला कारण आहे, खड्ड्यात गाडी उसळली की मोठ्या भोकातून पेट्रोल बाहेर येतं.

ऑइल आणि गाडीचा उतार

छोट्या सेटमध्ये ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उतारावर उभी असेल तर ऑइल एका बाजूला जातं आणि पुरेसं असूनही सेन्सरला ते कमी वाटतं. तोरणमाळच्या वाटेवर किंवा नदीकाठच्या यात्रेत रस्त्याच्या कडेला तिरकी लावलेली गाडी, आणि "सेट मध्येच बंद पडतो" ही तक्रार. चाकाखाली फळी घालून गाडी सपाट करा आणि बघा. सपाट जमिनीवर चालला, उतारावर थांबला, तर शोध संपला.

डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. हे मात्र गाडीतल्या सेटचं खास दुखणं आहे, घरच्या सेटला सहसा होत नाही. प्रवासात पेट्रोलचा कॉक उघडा राहिला तर खड्ड्यांमुळे कार्बोरेटरमधला फ्लोट सारखा उसळतो, सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल झिरपत झिरपत सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल इंजिनाला वंगण देत नाही, इंजिन तापतं, काही दिवसांत रिंगा जातात. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते पेट्रोल आहे. सगळं ऑइल काढून टाका, पुस्तिकेतल्या ग्रेडचं नवं भरा आणि पुढच्या वेळेपासून गाडी हलण्याआधी कॉक बंद करण्याची सवय लावा. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत कॉकशेजारी रंगाने मोठं "बंद?" लिहून देतो.

ऑइल बदलण्याचा काळ पुस्तिकेत साधारण १०० तासांचा असतो. धुळीत आणि उन्हात चालणाऱ्या सेटला मी त्याच्या निम्म्यावर बदलायला सांगतो.

लोडची बेरीज

सेटवर दोन आकडे असतात. मोठा आकडा काही मिनिटांपुरता आणि छोटा आकडा सतत चालण्यासाठी. दुकानदार मोठा सांगतो, बेरीज छोट्याशी करायची. कडक उन्हात तोही पूर्ण मिळत नाही, कारण गरम हवा विरळ असते आणि इंजिनाला ताकद कमी पडते. सततच्या आकड्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर थांबणं मला योग्य वाटतं.

मोटर असलेल्या वस्तू सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट ओढतात. डीप फ्रीझरच्या पाटीवर २५० वॅट लिहिलेलं असलं तरी कॉम्प्रेसर उठताना सेट दबतो तो याच कारणाने. आधी फ्रीझर, मग मिक्सर, मग दिवे, असा क्रम ठेवा. पाचशे वॅटचे जुने हॅलोजन काढून एलईडी लावले की कित्येक गाड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि एक मनापासून सांगतो. तुमच्या गाडीवर फक्त दिवे, छोटा मिक्सर आणि मोबाइलचं चार्जिंग असेल तर तुम्हाला जनरेटर लागतच नाही. लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवा. सुरुवातीचा खर्च जास्त आहे, पण धूर नाही, पेट्रोल नाही, आवाज नाही, आणि गाडीत माणूस निर्धास्त काम करतो. फ्रीझर, वेल्डिंग किंवा मोठा साउंड असेल तरच सेटकडे वळा.

केबलही बघा. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलमधून मोठा लोड चालवला तर ती आतल्या आत तापते आणि व्होल्टेजही पडतं. पूर्ण उलगडा, आणि फ्रीझर-मिक्सरसाठी २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तांब्याची केबल वापरू नका.

एअर फिल्टर, आणि कापूस

एअर फिल्टर सगळेच साफ करतात. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब लावून पिळा. कागदी असेल तर धुवू नका, बदला.

पण दोरीच्या जाळीमागे कोणी बघत नाही. दोरी ओढायची जागा असते तिथल्या जाळीतून पंखा थंड हवा ओढतो आणि ती सिलिंडरभोवतीच्या पात्यांवरून, म्हणजे फिन्सवरून, फिरवतो. हंगामात आपल्याकडे जिनिंगच्या आसपास, बाजार समितीच्या आवारात, कापसाच्या गाड्यांमागे हवेत तंतू उडत असतात. ते या जाळीवर नमद्यासारखे बसतात. काही आत जातात आणि ऑइलच्या चिकटपणाने फिन्समध्ये अडकतात. बाहेरून सेट चकचकीत, आत सिलिंडरभोवती गोधडी. सेट थंड असताना जाळी ब्रशने साफ करा. मग वरचं आवरण चार-पाच बोल्ट काढून उतरवा आणि फिन्समधली घाण लाकडी काडीने काढा. पाण्याचा फवारा मारू नका, अल्टरनेटर शेजारीच आहे.

पेट्रोल

पेट्रोल उकळायला फार तापमान लागत नाही. त्यातले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. डब्यात पन्नास-साठ अंश झाले की नळीत आणि कार्बोरेटरमध्ये बुडबुडे होतात, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि इंजिन घुटमळत थांबतं. अर्ध्या तासाने निवल्यावर पुन्हा चालू होणं ही त्याची खूण आहे. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या बाजूने गेली असेल तर ती दुसऱ्या बाजूने फिरवून घ्या.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या सेटच्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. नळी बोटाने दाबून बघा, शंका आली तर इथेनॉलला चालणारी नवी नळी टाका, क्लिप्सही नव्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल दिवाळीत वापरू नका.

चालू किंवा तापलेल्या सेटमध्ये पेट्रोल भरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला पसरून लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. कॅन भरायचा असेल तर गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरा. टेम्पोच्या हौद्यात, मॅटवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

निर्णायक चाचणी: सेट बाहेर काढा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर दोन माणसांनी सेट उतरवून सावलीत, भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवा आणि तोच लोड लावून तासभर चालवा. बाहेर बिनतक्रार चालला, गाडीत बंद पडला, तर कार्बोरेटरवाल्याकडे जायची गरज नाही. दोष बसवण्यात आहे. बाहेरही बंद पडला तर सेट मेकॅनिककडे न्या. ही चाचणी केल्याशिवाय मी कोणाचाही सेट उघडत नाही.

डबा

आता मुख्य मुद्दा. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी जेमतेम पाचवा हिस्सा विजेत जातो. दीड किलोवॅट वीज देणारा सेट तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितो, आणि लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटांएवढी ऊर्जा असते. म्हणजे तुम्ही त्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण तापलेल्या सात इस्त्र्या कोंडून दार लावता. यातली काही उष्णता धुराबरोबर जाते, बाकीची हवेनेच बाहेर न्यावी लागते. बऱ्याच छोट्या सेटच्या पुस्तिकेत बाहेरची हवा ४० अंशांपर्यंतच असावी असं दिलेलं असतं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात सावलीतच ती मर्यादा ओलांडली जाते, मग डब्यात काय होत असेल?

बहुतेक डब्यांना भोकं असतात. पण ती चुकीच्या जागी असतात. सेटमधून बाहेर पडणारी गरम हवा डब्यातच वळते आणि पंखा तीच परत ओढतो. हे ओळखायला साधा प्रोब असलेला थर्मामीटर पुरतो. सेट चालू करण्याआधी त्याची तार पंख्याच्या जाळीजवळ बांधा, आकडा दिसणारा भाग बाहेर ठेवा. चालू झाल्यावर पंधरा मिनिटांनी तिथलं तापमान आणि गाडीबाहेरच्या सावलीतलं तापमान यांची तुलना करा. पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर गरम हवा फिरून येते आहे. सुताचा एक धागा भोकाजवळ धरला तर हवा आत जाते की बाहेर येते तेही कळतं. उदबत्ती लावून धूर बघायचा प्रयत्न करू नका, शेजारी पेट्रोल आहे.

दुरुस्ती अशी: आत येणारी हवा एका बाजूने, पंख्याच्या अगदी समोर, खालच्या अंगाला. बाहेर जाणारी विरुद्ध बाजूने, सायलेन्सरच्या अंगाला, वरून. दोन्हींच्या मध्ये पत्र्याचा पडदा घालून सेटच्या कडेची फट बंद करा, म्हणजे हवेला मागे वळायला वाटच राहत नाही. आत येणारी वाट पंख्याच्या जाळीच्या किमान दीडपट ठेवा, आणि वर पक्ष्याची किंवा उंदराची जाळी लावली तर तिच्या तारांनी जागा कमी होते हे धरून आणखी मोठी. तळालाही फट हवी, पेट्रोलची वाफ तिथून निघून जाते. डब्याला आतून फोम लावून आवाज कमी करणारे लोक असतात. साधा फोम सायलेन्सरजवळ पेटतो.

घरातला छोटा एक्झॉस्ट पंखा लावून हा प्रश्न सुटत नाही, तो इतकी हवा ओढतच नाही. गाडीच्या रेडिएटरचा पंखा ओढतो, पण त्याच्या मोटरीत ब्रशच्या ठिणग्या पडतात, म्हणून तो पेट्रोलची वाफ साचेल अशा जागी बसवायचा नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर डबाच नको. सेट सरकत्या ट्रॉलीवर बसवा. मजबूत चॅनेल, प्रवासात आत, आत आणि बाहेर दोन्ही टोकांना लॉक. चालवताना फाळका उघडून सेट पूर्ण बाहेर ओढायचा, वरती पत्र्याचं छोटं छप्पर. चोरीची भीती असेल तर जाड साखळी. ज्यांनी असं केलं त्यांच्या गाड्या या तक्रारीसाठी परत आलेल्या नाहीत, आणि माणसाजवळचा धूरही कमी झाला. ट्रॉली बाहेर आली तरी धुराचं तोंड दुकानाच्या खिडकीकडे, मंडपाकडे किंवा केबिनकडे नको. वारा बदलला तर गाडीची दिशा बदला.

पाण्यावर थंड होणाऱ्या डिझेल सेटला रेडिएटर असतो. त्याची गरम हवा बॉडीतल्या खिडकीपर्यंत कॅनव्हासच्या बाह्याने थेट बाहेर न्यावी लागते. ती बाही फाटली की हवा परत आत येते. हे सेट जड असतात. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास आहे, त्यात सेट, माणसं आणि माल सगळं धरा.

धुराची नळी

गाडीच्या हादऱ्यांनी सगळ्यात आधी तडकतो तो सायलेन्सरचा जोड. इंजिन रबरी पॅडवर हलतं, बॉडी वेगळी हलते, आणि दोन्हींना जोडणारी सरळ लोखंडी नळी मध्ये मोडते. म्हणून मध्ये बेलोज, म्हणजे घड्यांच्या नळीचा लवचिक तुकडा, हवं. तडा दिसत नसला तरी जोडाभोवती काळी काजळी दिसते. काजळी म्हणजे धूर आतच सुटतो आहे, सेट तिथेच थांबवा.

लांब, बारीक, वळणावळणाची नळी लावली तर धूर कोंडतो, ताकद कमी होते आणि इंजिन तापतं. नळी सायलेन्सरच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नको. तिचं टोक गाडीच्या खाली सोडू नका, धूर फळ्यांच्या फटीतून वर येतो. बॉडीच्या बाहेर, केबिन आणि खिडकीपासून लांब न्या. हे वेल्डिंग कामचलाऊ चालत नाही, ज्याने आधी केलेलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

खाण्याच्या गाडीत गॅसचं सिलिंडर आणि सेट एकाच बाजूला ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर तळाने सेटकडेच सरकतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक अशा गाडीत हवा. धुराचा अलार्म वेगळा, तो इथे कामाचा नाही. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा असेल तर हवेत ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) वायू असताना तो तासा-दीड तासात आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजायला हवा. माणूस जिथे उभा राहतो तिथे डोक्याच्या उंचीवर एक आणि केबिनमध्ये एक लावा. अलार्म आहे म्हणून गाडीत झोपायची मुभा मिळत नाही.

वीज: इथे तुमचा हात थांबला पाहिजे

घरातल्या बोर्डाला जमिनीत अर्थिंग असतं. गाडी रबरी टायरवर उभी असते आणि छोट्या सेटचा न्यूट्रल बहुतेकदा कशालाच जोडलेला नसतो. अशा वेळी तुम्ही ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावली तरी फेज बॉडीला लागल्यावर ती पडत नाही, कारण करंटला परत सेटकडे जायचा रस्ताच नसतो. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं की ती पडते, म्हणून सगळ्यांना वाटतं सुरक्षित आहे. ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, न्यूट्रल आणि बॉडी जोडलेली आहे का हे तपासत नाही.

न्यूट्रल आणि बॉडीचा जोड एकाच जागी, योग्य जाडीच्या तारेने करायचा असतो. इन्व्हर्टर प्रकारच्या सेटमध्ये तो करायचा की नाही हे सेटवर अवलंबून असतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

महावितरणची लाइन आणि जनरेटर दोन्ही वापरत असाल तर मध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून मंडपाच्या सॉकेटमध्ये सेटची वीज घुसवणारे लोक मी पाहिले आहेत. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत ती वीज उलटी जाते आणि ट्रान्सफॉर्मरमधून ११ हजार व्होल्टपर्यंत चढते. अशी वायर दिसली तर ती कापून टाका.

मेकॅनिक किंवा वायरमन कधी बोलवायचा

सेट मोकळ्या जागेतही बंद पडतो, किंवा एकदम थांबतो आणि गरम असताना ठिणगी येत नाही असा संशय आहे: इग्निशन कॉइलचं काम आहे. प्लग काढून दोरी मारत ठिणगी बघायचा प्रयोग गाडीत करू नका, सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर येते. व्होल्टेज २३० च्या आसपास स्थिर राहत नसेल किंवा फ्रिक्वेन्सी लोडवर ५० हर्ट्झपासून बरीच सरकत असेल तरीही मेकॅनिक. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाची) स्प्रिंग वाकवून आवाज वाढवू नका, व्होल्टेज चढून फ्रीझरचा कॉम्प्रेसर जळतो.

पेट्रोल गळतंय, सायलेन्सरला तडा आहे, वायरचं इन्सुलेशन वितळलंय, बॉडीला करंट येतोय, अलार्म वाजलाय: यांत सेट चालवून बघणंही नाही.

सेट चॅसिसला वेल्ड करणार असाल किंवा बॉडी कापणार असाल तर आधी आरटीओत विचारा, जळगावला एमएच १९, धुळ्याला एमएच १८, नंदुरबारला एमएच ३९ चं कार्यालय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल नोंदणीशी जुळणारा असावा लागतो, आणि नोंद नसली तर अपघातानंतर विमा कंपनी तेच कारण पुढे करते.

मेकॅनिकला फोन करताना एवढं लिहून ठेवा: सेट किती मिनिटांनी बंद पडतो, घुटमळत की एकदम, त्या वेळी कोणकोणता लोड होता, गाडी सपाट होती का, पंख्याच्या जाळीजवळचं तापमान किती, आणि बाहेर काढून चालवला तेव्हा काय झालं.